जगात रूबे, भारतात परभणी?

मंडळी, दरवर्षी एप्रिलमधल्या एका रविवारी उत्तर फ्रान्समधे पॅरिस-रूबे नावाची सायकल शर्यत होते, आणि दर सोमवारी ऑफिसात मला तोच विनोद ऐकावा लागतो. दगडांवर आदळणाऱ्या, धुळीनं माखलेल्या सायकलवाल्यांचा फोटो दाखवून कोणीतरी म्हणतं, "यांना तुमच्या परभणीला पाठवा रे प्रॅक्टिसला!" 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारी माणसं आम्ही, त्यामुळे विनोद आम्हाला झेपतो. पण या विनोदाचा आता राग येतो. कारण तो साफ चुकीचा आहे, आणि चुकीचा असूनही भलत्यांच्या सोयीचा आहे.

आधी रूबेबद्दल. शर्यत १८९६ पासूनची. एका दिवसात सुमारे २६० किलोमीटर, त्यातले पन्नासेक किलोमीटर जुन्या दगडी फरसबंदीचे, म्हणजे 'पॅव्हे'चे. जिंकणाऱ्याला ट्रॉफी म्हणून काय देतात? तोच दगड. मॅथ्यू वान डर पूलनं २०२३, २०२४ आणि २०२५ असे ओळीनं तीन दगड घरी नेले. २०२४ ला त्याचा सरासरी वेग ताशी ४७ किलोमीटरच्या वर होता! या शर्यतीला 'उत्तरेचा नरक' म्हणतात, पण ते नाव दगडांमुळे पडलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली मार्ग बघायला गेलेल्या लोकांना तिथं जो विध्वंस दिसला, त्यावरून पडलं.

आता मुद्दा. साठच्या दशकात गावोगावी त्या दगडांवर डांबर पडायला लागलं, तेव्हा आयोजकांना नवे दगडी रस्ते शोधत फिरावं लागलं. १९६८ ला आरनबर्गच्या जंगलातला रस्ता मिळाला. तो सुचवणारा जाँ स्टाब्लिंस्की हा सायकलपटू एकेकाळी तिथल्याच खाणीत कामाला होता. आज पॅव्हेच्या प्रत्येक पट्ट्याला एक ते पाच तारे असतात. 'पॅरिस-रूबेचे मित्र' नावाची संस्था निखळलेले दगड पुन्हा बसवते. अलीकडे तर आरनबर्गच्या फटींतलं गवत काढायला शेळ्या सोडतात. शेळ्या, महाराजा! म्हणजे तो रस्ता वाईट 'राहिलेला' नाही, तो तसा 'राखलेला' आहे.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ज्याचा मालक ठरलेला आहे, ज्याचं डॉक्युमेंटेशन आहे आणि ज्याचं मेंटेनन्स होतं, ते फीचर. बाकी सगळा बग. रूबेचा दगड फीचर आहे. आमचा खड्डा बग आहे, आणि आपण मात्र त्यावर विनोद करून तिकीट क्लोज करतो.

लगेच कोणीतरी म्हणेल, "अरे पण तुमची मातीच तशी." हो, आहे ना. काळी कापसाची जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर फाटतं. पण हे काल कळलेलं नाही. मुरुमाचा जाड थर द्या, चुना मिसळून माती बांधा, आणि मुख्य म्हणजे बाजूला नाली काढून पाणी बाहेर न्या. हे सिव्हिलच्या पुस्तकात आहे. जुनी माहिती असलेली अडचण ही सबब होऊ शकत नाही, ती रिक्वायरमेंट असते.

दुसरं, रस्ता होत नाही असंही नाही. जानेवारी २०२६ मधे पुणे ग्रँड टूर झाली. तिच्यासाठी पुणे जिल्ह्यातले चारशेहून जास्त किलोमीटरचे रस्ते ठरलेल्या तारखेआधी गुळगुळीत करायला घेतले. झाली शर्यत, छान झाली, मला आनंदच आहे. म्हणजे डेडलाईन असली, पाहुणे येणार असले, की जमतं.

मग आमच्याकडच्या सायकलवाल्यांची डेडलाईन कुठली? मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जायला सायकली मिळतात. योजना उत्तम आहे. पण पाथरी, पालम, सोनपेठकडच्या आडवळणाच्या गावातली पोरगी ती सायकल चिखलातून हातात धरून ढकलत नेणार असेल, तर आपण तिला वाहन दिलं की ओझं? वान डर पूलच्या मागे सुटी चाकं घेऊन गाडी धावते. हिच्या मागे कोण आहे? उसाची ट्रॉली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपणही प्रत्येक रस्त्याला तारे देऊ. सोबत पाटी: कंत्राटदार कोण, इंजिनिअर कोण, हमी कधीपर्यंत. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कंत्राटदारावर असते आणि तशी पाटीही लागते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा खड्ड्याचा फोटो काढून फॉरवर्ड करण्याआधी त्या पाटीचा फोटो काढा, आणि हमी संपली नसेल तर लेखी तक्रार करा. अर्धा तास लागतो.

आणि तेवढाही वेळ नसेल, तर निदान तो विनोद तरी बंद करा राव. परभणीची पोरं काटक आहेत हे खरं, पण काटकपणा हा रस्त्याला पर्याय नसतो.