क्रेडिट कार्डचं बिल थकलं आणि नोकरीवर गदा आली: अमेरिकेतल्या 'सिक्युरिटी क्लिअरन्स'चं गणित काय?

2025 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कामकाज 43 दिवस ठप्प होतं. पगार थांबले, हप्ते चुकले. अनेक कर्मचाऱ्यांना घरभाड्याइतकीच आणखी एक धास्ती होती, 'सिक्युरिटी क्लिअरन्स'ची. म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याची परवानगी. ती गेली की ज्या कामाला ती लागते, ते कामही जातं.

पण थकलेलं कर्ज आणि देशाची गुपितं यांचा संबंध काय?

ऑल्ड्रिच एम्स हे यातलं गाजलेलं उदाहरण. सीआयएचा हा अधिकारी घटस्फोट आणि कर्जामुळे पैशांच्या तंगीत होता. 1985 मध्ये त्याने सोव्हिएत गुप्तहेरांना माहिती विकली, पहिला हप्ता 50 हजार डॉलर्सचा. 1994 मध्ये तो पकडला गेला आणि त्याला जन्मठेप झाली. गंमत म्हणजे तोवर तो कर्जबाजारी नव्हे, तर जग्वार गाडी फिरवणारा श्रीमंत झाला होता. त्यामुळे आज तपासात थकबाकीसोबत अचानक आलेला पैसाही पाहिला जातो.

2017 पासून लागू असलेल्या निर्देशात 13 निकष आहेत, त्यातला 'एफ' आर्थिक बाबींचा. त्यामागचा विचार फक्त 'पैशांसाठी फितूर होईल' एवढाच नाही. जो स्वतःची देणी सांभाळत नाही, तो नियमही तितक्याच सहज मोडेल, अशी शंका घेतली जाते. हा तर्क प्रत्येक वेळी न्याय्य ठरतो असं नाही. आजारपणात हॉस्पिटलची बिलं थकणं आणि जुगारात पैसे उडवणं यात फरक आहे, आणि तो नियमालाही मान्य आहे. नोकरी जाणं, घटस्फोट, आजारपण, सावकारी पद्धतीचं कर्ज अशी कारणं ग्राह्य धरली जातात. अट एकच: त्या काळात माणूस जबाबदारीने वागला होता का?

किती डॉलर्स थकले की परवानगी नाकारायची, असा आकडा मात्र नियमात नाही. एसएफ-86 या अर्जात गेल्या 7 वर्षांतली 120 दिवसांपेक्षा जास्त थकबाकी, दिवाळखोरी, न भरलेला कर, जुगारातून आलेली अडचण असं सगळं विचारलं जातं. हे लपवणं कर्जापेक्षा महागात पडतं, कारण खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे.

इथे एक गैरसमज अनेकांना नडतो. जुनी थकबाकी साधारण 7 वर्षांनी क्रेडिट रिपोर्टमधून निघून जाते. 'आता नोंदच नाही, मग प्रश्न मिटला,' असं वाटतं. पण अशा प्रकरणांच्या अपिलांत उलटीच भूमिका घेतली जाते: नोंद पुसली गेली म्हणजे कर्ज फेडलं असं होत नाही. दुसरीकडे, सगळं कर्ज एका फटक्यात फेडा अशीही सक्ती नाही. वास्तववादी योजना आणि काही महिने नियमित भरलेले हप्ते चालतात. 'पुढे भरेन' हे नुसतं आश्वासन चालत नाही. नोटीस आल्यावर सुरू केलेल्या परतफेडीला वजनही कमी.

पूर्वी 'टॉप सीक्रेट' परवानगीची फेरतपासणी 5 वर्षांनी, तर 'सीक्रेट'ची 10 वर्षांनी होई. आता क्रेडिट नोंदींवर सतत नजर असते, त्यामुळे चुकलेला हप्ता लपून राहत नाही. याचा फायदा काही वसुली एजंट घेतात: 'पैसे भर, नाहीतर तुझ्या वरिष्ठांना कळवू, क्लिअरन्स जाईल,' अशी धमकी सैनिकांना मिळते.

ही परवानगी साधारणपणे अमेरिकी नागरिकांनाच मिळते. त्यामुळे एच-1बी व्हिसावरच्या मराठी इंजिनीअरचा याच्याशी संबंध नाही. पण नागरिकत्व घेऊन संरक्षण कंपनीत काम शोधणाऱ्याला पुण्यातल्या फ्लॅटचीही नोंद द्यावी लागते, तीही वेगळ्या निकषाखाली.

संरक्षण खात्याशी संबंधित बहुतेक प्रकरणांत आक्षेपांची लेखी नोटीस येते आणि उत्तराला 20 दिवस मिळतात. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1988 मध्येच म्हटलंय. त्यामुळे शंका उरली, तर निर्णय अर्जदाराच्या विरोधात जातो.