ब्रासमध्ये न मोजला जाणारा दगड

हिस्लॉप हे नाव नागपुरात कॉलेजमुळे घरोघरी माहीत आहे. याच नावाचे एक खनिजही होते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. नागपूर परिसरातला गवतासारखा हिरवागार कॅल्साइट डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन यांनी तपासला आणि नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावावरून १८५९ साली त्याला ‘हिस्लोपाइट’ म्हटले. पुढे तो साधाच कॅल्साइट निघाला, हिरव्या लोहयुक्त खनिजाने रंगलेला, आणि ते नाव बाद झाले. नाव गेले तरी रंगाचा प्रश्न उरतोच. असली हिरवी खनिजे लाव्हातून थेट येत नाहीत, ती पाण्याची करणी असते. ते पाणी कोणते, किती तापलेले आणि कधीचे, हे विचारायला हॉटन यांच्याकडे साधन नव्हते. आज समस्थानिकांच्या रूपाने ते आहे, पण ज्या दगडाला हे विचारायचे तो आपण नोंद न करताच फोडतो आहोत. खाणपट्टा देतानाच अशा दगडाचा स्थाननोंदीसह नमुना राखून ठेवणे सक्तीचे करावे, असे माझे म्हणणे आहे.

नेहमीच्या ऑक्सिजनचा एक जड भाऊ, म्हणजे समस्थानिक, असतो: ऑक्सिजन-१८. ताज्या बेसाल्टमध्ये त्याचे प्रमाण समुद्राच्या पाण्यापेक्षा दर हजारी साडेपाचच्या आसपास जास्त असते, तर पावसाच्या पाण्यात ते समुद्रापेक्षा कमी. पावसाचे पाणी तापून खडकात खेळले की खडकातला जड ऑक्सिजन घटतो. थंड पाण्याने खडकाची माती केली की उलट वाढतो. कॅलिफोर्नियातील ह्यू टेलर यांनी एवढ्याच खुणेवरून स्कॉटलंडच्या स्काय आणि मल बेटांवरच्या अग्निजन्य खडकांत पावसाचे पाणी खोलवर फिरून गेल्याचे दाखवून दिले. आपल्या दख्खनच्या दगडातली एखादी पोकळी जवळून पाहिली तर हा इतिहास थराथराने दिसतो. भिंतीला सेलॅडोनाइटचा हिरवट पापुद्रा, त्यावर ह्यूलँडाइट किंवा स्टिल्बाइटचे स्फटिक, आणि सर्वांत आत अपोफिलाइट नाहीतर कॅल्साइट. लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. पण अपोफिलाइटचे वय मोजले तेव्हा त्यानंतर कोट्यवधी वर्षांनीही पाणी खडकात नवी खनिजे घडवत होते, असे आढळले.

हे सगळे हौशी ज्ञान आहे, असे कुणी म्हणेल. तसे ते नाही. डायनासोर लाव्हामुळे गेले की उल्कापातामुळे, हा वाद अखेर काही लाख वर्षांच्या हिशेबावर येऊन ठेपतो. पाण्याने बदललेल्या बेसाल्टमधून आर्गॉन निसटलेला असतो, नवे पोटॅशियम आत शिरलेले असते, आणि मग खडकाचे वय खरे आहे त्याहून कमी भरते. दगड ‘ताजा’ आहे हे ठरवायलाही न-ताजा दगड ओळखता यावा लागतो. दुसरा उपयोग तर उद्याचा आहे. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ साली बेसाल्टमध्ये सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे दोन वर्षांच्या आत दगडी खनिज झाले. दख्खनच्या खडकातही तसे करता येईल का, याची चर्चा आपल्याकडे होते. या खडकाच्या पोकळ्या कोणत्या तापमानाला, कशाने आणि कोणत्या क्रमाने बुजत गेल्या, हा प्रयोग निसर्गाने आधीच करून ठेवला आहे. कॅल्साइटमधल्या कार्बनचे समस्थानिक तर तो कार्बन मातीतल्या झाडपाल्याचा की खोल पोटातला, याचाही माग देतात.

दख्खनचा पसारा पाच लाख चौरस किलोमीटरचा, मग चार खाणींनी काय बिघडते, हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. बेसाल्ट अमाप आहे हे कबूल. पण पाणी सगळीकडून सारखे फिरलेले नाही. ते भेगांतून, थरांच्या सांध्यांतून आणि सच्छिद्र माथ्यांतून गेले. खाण नेमकी हीच जागा उघडी करते आणि थोड्याच दिवसांत तिची गिट्टी होते. चांगले स्फटिक बाजारात जातात, पण कुठल्या थरातून निघाले याची चिठ्ठी त्यांच्यासोबत जात नाही. अशी गारगोटी दिवाणखान्यात शोभते, पुरावा म्हणून मुकी असते. शासनदरबारी या दगडाची ओळख गौण खनिज एवढीच, आणि हिशेब ब्रासमध्ये.

याहून वजनदार आक्षेप शास्त्रज्ञांचाच आहे: एका आकड्यात पाण्याचे तापमान आणि पाण्याची मूळ घडण अशा दोन अज्ञात गोष्टी अडकलेल्या असतात, तेव्हा समस्थानिक हवे ते वदवून घेऊ देतात. हे खरे आहे. म्हणूनच एका खनिजावर विसंबता येत नाही. एकाच पोकळीतली दोन-तीन खनिजे, त्यांतला ऑक्सिजन, हायड्रोजन आणि स्ट्रॉन्शियम एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. आणि एकाच पोकळीतली खनिजे एकत्र मिळायची तर दगड न फुटता, जागेच्या नोंदीसह हाती यायला हवा. राहिला खर्च. नवी प्रयोगशाळा मागण्याची गरजच नाही. समस्थानिक मोजण्याची यंत्रे देशात आहेत. खाणमालकाकडून हवे ते पट्ट्यामागे दोन-चार मुठीएवढे तुकडे, त्यांची उंची आणि अक्षांश-रेखांश. ते ठेवायला फडताळ आणि सांभाळायला जाणकार माणसे नागपुरात आहेत: सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आहे, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि विद्यापीठाचा भूशास्त्र विभागही.