कोयत्याचे बिऱ्हाड

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतील गावे ओस पडू लागतात. बैलगाडीत वा ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड घालून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. पाचटाची वा ताडपत्रीची कोपी हेच त्यांचे हंगामापुरते घर. तोडीचा पट्टा बदलला की अनेकांचे तेही हलते.

या भटकंतीचे मूळ केवळ अवर्षणात नाही, उचलीतही आहे. मुकादमाची आगाऊ रक्कम फिटेपर्यंत मजूर मोकळा होत नाही. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मानला जातो. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्याच हाती पडते. खाडा झाला तर दंड, म्हणून बाईने दुखणे अंगावर काढायचे. बीडमधील गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, ती याच पार्श्वभूमीवर.

पुढे कामगारांसाठी महामंडळ आले, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. तथापि, स्त्रीची स्वतंत्र मजूर म्हणून नोंद, तिच्या नावे मजुरी आणि उचलीचा लेखी हिशेब यांवाचून हे उपाय अपुरेच ठरतील. उसाच्या भावावर विधिमंडळात चर्चा झडतात. परंतु तो तोडणारे दोन जीव जोवर एकच मोजले जातात, तोवर त्या हिशेबाला न्याय कसे म्हणावे?