गरज खरी, म्हणून गाडी देणं योग्य नव्हे

बीड जिल्ह्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोटारसायकल देणारे पालक तीन कारणं सांगतात. गावाला एसटी वेळेवर येत नाही. आई-बाप ऊसतोडीला गेले की घराचा भार पोरावरच पडतो. आणि आमचा पोरगा गाडी चांगली चालवतो.

पहिली दोन कारणं खरी आहेत. दिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोद्याकडची गावं ओस पडतात. आजीच्या गोळ्या आणायलासुद्धा तालुका गाठावा लागतो. पण गरज खरी आहे म्हणून पोराचा जीव पणाला लावायचा, हा न्याय नव्हे.

तिसरं कारण तर टिकतच नाही. गाडी पळवता येणं वेगळं, पुढचा धोका हेरणं वेगळं. वेग ताशी 40 वरून 80 किलोमीटर झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. गाळप हंगामात रात्री रस्त्यावर बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी असली, तर ती दिसेपर्यंत तेवढं अंतर उरत नाही. ट्रिपल सीट आणि उघडं डोकं असेल, तर सावरायची संधीही राहत नाही.

‘पकडलं तर दंड भरू’ म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेलं कलम 199 अ वाचावं. पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. शिवाय समोरचा माणूस दगावला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. कोरडवाहू दोन एकरांत ती कुठून फिटणार?

मग पोरांनी जायचं कसं? मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी एसटी मिळाली, ती गावांनी आणि शासनाने मनावर घेतलं म्हणून. मुलांच्या शाळा-कॉलेजच्या वेळेला गाडी सोडा, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करून आगारप्रमुखांच्या हाती द्यावा. कारखान्यांनी मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली फाटकातून आत घेऊ नये. दिवाळीनंतर गाव सोडताना आई-बापांनी गाडीची किल्ली घरातल्या लायसनवाल्या माणसाकडेच ठेवावी. तसं कुणी नसेल, तर गाडी बंद राहू द्यावी. अठरा पूर्ण झाली की आधी लायसन, मग हेल्मेट आणि त्यानंतरच गाडी.

पोरगा रुसेल, चार दिवस बोलणार नाही. तो रुसवा सोसणं हे पालकाचं कामच आहे. ते काम वाहतूक पोलिसावर सोडून चालणार नाही.