आपला कोण, परका कोण?

१५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून 'मिशन सुदर्शन चक्र' जाहीर केलं. २०३५ पर्यंत महत्त्वाची ठिकाणं, दवाखाने, रेल्वे, प्रार्थनास्थळंसुद्धा या कवचाखाली येणार. येऊ द्यात. जुन्नरची मशीद आणि भीमाशंकरचं देऊळ यांत वरून येणारं क्षेपणास्त्र फरक करत नाही. पण समोरून येतंय ते आपलं की परकं, हे आधी कुणीतरी ओळखावं लागतं. ओळखण्यात चूक झाली तर जबाब कोण देणार?

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी आपल्याच क्षेपणास्त्राने बडगामजवळ आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. खाली उभा एक काश्मिरी माणूसही गेला. लोकसभेची निवडणूक उरकली, मग ऑक्टोबरमध्ये हवाई दल प्रमुख भदौरियांनी ही आपली मोठी चूक असल्याचं कबूल केलं. उशिरा का होईना, चौकशी झाली, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. हवाई दलाला १९५० चा कायदा आहे, म्हणून.

त्याच्या तेराच दिवस आधीचं पुलवामा घ्या. चाळीस जवान, त्यांत दोघे आपल्या बुलढाण्याचे. एनआयएने अतिरेक्यांवर आरोपपत्र ठेवलं, योग्यच केलं. पण स्फोटकांनी भरलेली गाडी महामार्गावर येईपर्यंत गुप्तचरांना काय माहीत होतं, यावर एकही अहवाल जनतेपुढे आला नाही. येणार कसा? इंटेलिजन्स ब्युरो इंग्रजांच्या काळातली, रॉ १९६८ ची; संसदेने केलेला स्वतंत्र कायदा दोघींनाही नाही. माहिती अधिकाराच्या कलम २४ ने त्यांना जवळपास पूर्ण वगळलंय. मनीष तिवारींनी २०११ साली खासगी विधेयक आणलं, ते बारगळलं. इथे पटसंख्येचा एक आकडा चुकला तर आम्हा शिक्षकांना लेखी खुलासा द्यावा लागतो!

गुप्तता लागतेच, असं म्हणतात. गुप्त कुणापासून? भोसरीपलीकडच्या दिघीत डीआरडीओच्या प्रयोगशाळेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना मे २०२३ मध्ये एटीएसने पकडलं. क्षेपणास्त्रांची माहिती पाकिस्तानी हेराला दिल्याचा आरोप आहे. निकाल लागेपर्यंत मी त्यांना देशद्रोही म्हणणार नाही.

हा सबुरीचा न्याय आमच्या पोरांच्या वाट्याला येत नाही. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत त्याच एटीएसने पकडलेल्यांना पेपरांनी पहिल्याच दिवशी अतिरेकी ठरवलं. त्यांतले अब्दुल वाहिद शेख माझ्यासारखेच शाळामास्तर. नऊ वर्षांनी २०१५ ला निर्दोष सुटले. उरलेल्या बाराही जणांना २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सोडलं, तोवर एक जण कैदेतच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय, तिथे काय व्हायचं ते होवो. पण १८० हून जास्त माणसं मेली त्या गाड्यांत. हे बारा जण नव्हते, तर मग कोण होते? एकोणीस वर्षं चुकीच्या माणसांमागे गेली असतील, तर खरे मारेकरी मोकळे राहिले. याचा जाब मागणं म्हणजे मुसलमानांचं रडगाणं नव्हे. त्या लोकलमध्ये सगळेच बसले होते.

कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल संसदेपुढे आला. नाजूक भाग गाळला, बाकी छापला. देश काही बुडाला नाही. ब्रिटनमध्ये गुप्तचरांवर लक्ष ठेवायला खासदारांची समिती १९९४ पासून आहे. सुदर्शन चक्राचा पैसा संसदेत मंजुरीला येईल, तेव्हा आपले शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी एवढंच विचारावं: अशी समिती दिल्लीत कधी बसणार?