भिंत म्हणजे नुसतं वजन?

स्टील फ्रेमची इमारत डिझाइन करायला दिली की आपण काय करतो? कॉलम, बीम, जॉइंट सगळं सॉफ्टवेअरमध्ये बसवतो आणि मधल्या वीटभिंतीचा तेवढा लोड टाकून मोकळे होतो. व्हायव्हालाही भिंतीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते भूकंपाच्या बाबतीत ही सवय घातक आहे.

मित्रांनो, जमीन हलली की फ्रेम एका बाजूला कलते. चौकटीत घट्ट बसलेली भिंत मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या टेकूसारखी दाबली जाते. आपण हिशेबात धरा वा धरू नका, ती जोर घेतेच.

आकडेच बघा ना. इमारत १५ मीटर उंच आणि हादऱ्याच्या दिशेत १६ मीटर लांब. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतल्या ढोबळ सूत्रांनी नुसत्या स्टील फ्रेमचा दोलनकाल येतो सुमारे ०.६५ सेकंद. भिंती धरल्या तर ०.३४! बाकी सगळं तेच ठेवलं, तरी खडकाळ जमिनीवर आडवा जोर दीडपटीच्या वर जातो.

भिंत वैरी आहे असं मात्र नाही. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात वीटकामाने भरलेल्या कितीतरी स्टील फ्रेम इमारती हादऱ्यांना पुरून उरल्या. खरं नुकसान केलं ते नंतरच्या आगीनं. पण वर भिंती आणि खाली मोकळं पार्किंग असेल, तर सगळी हालचाल तळमजल्याच्या कॉलमवर येते. २००१ च्या भुज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा अनेक इमारती कोसळल्या. त्या आरसीसीच्या होत्या, पण नियम स्टीललाही तोच. शिवाय स्टील वाकतं, वीट तडकते. फ्रेम शाबूत राहिली तरी भिंत बाहेर निखळून माणसांच्या अंगावर पडू शकते.

म्हणून मला दोनच मार्ग पटतात. एक तर भिंत तिरका टेकू म्हणून मॉडेलमध्ये घ्या. २०१६ च्या आवृत्तीत त्याची रीत दिलेली आहे. नाहीतर भिंत आणि फ्रेममध्ये पुरेशी फट ठेवा आणि भिंत बाहेर पडू नये म्हणून तिला आधार द्या. तीन मीटरच्या मजल्याला कोडप्रमाणे १२ मिलिमीटरपर्यंत सरकायची मुभा असते, हे फट ठरवताना विसरू नका. दोन्ही नको म्हणणाऱ्या प्रोजेक्टला गाइड सरांनी सही देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअरमध्ये भिंत पुसता येते हो, साइटवर ती उभीच असते.