सायकलला मोटार लावण्याआधी उस्तादांना विचारा

गुडघा दुखायला लागला, तेव्हा मी सायकलला मोटार लावायचे ठरवले. घर ते शाळा सहा किलोमीटर, जाऊन-येऊन बारा. मालेगावात मोसम पुलावर सकाळी काय गर्दी असते ते इथल्यांना सांगायला नको. घरातली मोटारसायकल मुलगा कॉलेजला नेतो. आणि खरे सांगायचे तर मला अब्बांची काळी सायकलच चालवायची होती. तिच्यावरून त्यांनी लूमवरच्या साड्यांचे गठ्ठे तीस वर्षे वाहिले.

भिशीचे पैसे हातात होते. रात्री मोबाइलवर चार-पाच व्हिडिओ पाहिले आणि एक किट मागवले. स्वस्त पडते म्हणून रिंगशिवायचे: पुढच्या चाकाची हब मोटार, कंट्रोलर, थ्रॉटल, ब्रेकचे लिव्हर, ३६ व्होल्टची बॅटरी. खोके घेऊन मोहल्ल्यातल्या उस्तादांच्या दुकानात गेलो. त्यांनी मोटार मांडीवर घेतली, तिच्या कडेची भोके बोटाने मोजली आणि माझ्याकडे पाहिले. "मास्टरसाब, ये बैठेगी किधर?"

मोटारला ३६ भोके. आपल्या काळ्या सायकलच्या पुढच्या रिंगला ३२ असतात, मागच्या रिंगला ४०. बरे, ३६ भोकांची दुसरी रिंग आणता येईल, पण ब्रेकचे काय? या सायकलला सळीचे ब्रेक, तेही रिंगला आतल्या बाजूने धरणारे. किटमधले लिव्हर केबलचे. ब्रेक दाबताच मोटारचा करंट तोडणारा स्विच त्याच लिव्हरमध्ये असतो. तो लावला नाही, तर गर्दीत तुम्ही ब्रेक दाबताय आणि थ्रॉटलवरचा अंगठा निघाला नसला तर मोटार पुढे ओढतेय, असा प्रकार होईल. विक्रेत्याला फोन केला. "सगळ्या सायकलींना बसते," हे त्याने तीनदा ऐकवले.

बीएड झालेल्या माणसाला ३२ आणि ३६ मोजायला कुणी अडवले नव्हते.

तेव्हापासून माझे मत असे आहे की किटची निवड वॉटवरून आणि वेगावरून करू नये. आधी सायकल बघावी: ब्रेक कोणते, रिंग केवढी, चिमटा लोखंडी की अॅल्युमिनियमचा. मोटार पुढे लावायची तर चिमटा लोखंडीच हवा, आणि तिचा एक्सल फिरू नये म्हणून टॉर्क आर्म नावाची पट्टी कसावीच लागते. शॉकअॅब्सॉर्बरवाल्या चिमट्यात ती लावू नये. तशी सायकल असेल तर मागच्या चाकाची मोटार घ्या.

मग बॅटरी. किटच्या किमतीतला मोठा वाटा तिचाच असतो आणि फसवणूकही तिथेच होते. हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर, एका युनिटच्या निम्म्याहून कमी वीज. पायडल न मारता चालवले तर किलोमीटरला १५ वॉट-अवर धरा. माझ्या १२ किलोमीटरला १८० लागले. म्हणजे साडेसात अँपिअरचीही बॅटरी पुरते. ज्याला रोज ४० किलोमीटर फेरी करून कपडा विकायचा आहे त्याचा हिशेब वेगळा. एलएफपी बॅटरी थोडी जड असते, पण जास्त वर्षे टिकते आणि आपल्याकडच्या उन्हाला बरी. तिचा चार्जर वेगळा असतो. शेजाऱ्याचा चार्जर "पिन बसतेय" म्हणून लावू नका. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगलाही लावू नका.

पोरांना ५०० वॉट हवे असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ताकद २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि तपासणी संस्थेने तसे प्रमाणित केलेले असेल, तरच ते मोटार वाहन धरले जात नाही. दुकानदार "लायसन्स लागत नाही" एवढेच सांगतो, प्रमाणपत्राचे बोलत नाही. ते मागा. रस्त्यावर कोणत्या पोराला आधी थांबवतात हे मी इथे लिहायची गरज नाही.

'पंक्चरवाले' हा शब्द आमच्यावर शिवी म्हणून फेकला जातो. माझ्या वर्गातल्या मुलांनी तो मोबाइलवर वाचलेला आहे. त्यांतल्या दोघांचे वडील खरोखरच पंक्चर काढतात आणि पालकसभेला मागच्या बाकावर बसतात. शिवी देणाऱ्यांचा राग येतोच. पण उस्तादांकडे चाकाचे आउट काढायला जाणारे आणि किट मात्र त्यांना न विचारता मागवणारे आपणच शिकलेले लोक आहोत. चाक बांधणे ही विद्या आहे, हे आपण तरी कुठे मानतो?

उस्तादांचीही एक अडचण आहे. वायर दिसली की ते हात झटकतात. आमच्याकडे दरवर्षी शिलाई मशीन वाटणाऱ्या मंडळींना मी विचारले, यंदा दहा सायकल दुकानांना मल्टिमीटर आणि सोल्डरिंग द्या, आठ दिवस कुणी शिकवायला आणा. "बघू," म्हणाले. फोटो शिलाई मशीनचाच चांगला येतो, हेही खरे.

माझी मोटार शेवटी केबल ब्रेकच्या एका जुन्या २६ इंची सायकलला लागली. उस्तादांनी नवी ३६ भोकांची रिंग आणून चाक स्वतः बांधले, चिमट्याची खाच कानशीने जरा मोठी केली. अब्बांची सायकल तशीच अंगणात आहे. कंट्रोलरसोबतचा कागद इंग्रजीत होता. गेल्या आठवड्यात मी त्यातल्या प्रत्येक वायरचा रंग आणि काम उर्दूत लिहून दिले. उस्तादांनी तो कागद पंपाच्या वर चिकटवला आहे. त्यांच्याकडे काम शिकणारा पोरगा मराठी शाळेतला आहे, म्हणून आता मराठीतलाही मागितलाय. तो रविवारी नेऊन देईन.